धार लावण्याच्या दगडासाठी द्रवाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

स्वयंपाकघरातील सुरी, सुताराची पटाशी, चांभाराची रापी आणि न्हाव्याचा वस्तरा ही साधने दिसायला भिन्न असली तरी त्यांच्या उपयुक्ततेचा पाया एकच आहे, तो म्हणजे धार. पात्याची दोन पृष्ठे ज्या रेषेत एकत्र येतात ती रेषा जितकी अरुंद व अखंड, तितकी धार उत्तम मानली जाते. मानवी केसाची जाडी साधारणतः ६० ते ८० मायक्रॉन असते, तर दाढीच्या नव्या पात्याच्या कडेची रुंदी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते. एवढी सूक्ष्म कड हाताने, एका साध्या दगडावर घासून जवळपास साधता येते, ही मानवी हस्तकौशल्याची एक लक्षणीय उपलब्धी होय.

संस्कृतात ‘शाण’ आणि मराठीत ‘निसणा’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या दगडाविषयी बरेच बोलले जाते. परंतु दगडावर कोणता द्रव घ्यावा, या प्रश्नाचा विचार क्वचितच केला जातो. घरोघरी याबाबत सवयीचे राज्य आढळते. हाताशी पाणी असेल तर पाणी, देवघरात तेल असेल तर तेल, शिवणयंत्र असेल तर त्याच्या कुपीतील दोन थेंब, असा व्यवहार चालतो. एकाच दगडावर आज पाणी, उद्या खोबरेल आणि परवा उरलेले खाद्यतेल पडते. काही महिन्यांनी दगडावर काळसर, चिकट, चकचकीत थर बसतो. सुरी त्यावरून नुसती घसरते, तिला धार लागत नाही. मग ‘दगडच खराब निघाला’ असा निर्णय होऊन तो अडगळीत जातो. वस्तुतः दगड खराब निघालेला नसतो, तो खराब केलेला असतो.

महाविद्यालयीन क्षेत्रालाही हा प्रश्न अगदीच परका नाही. एकदा वापरून टाकून देण्याची पाती प्रचारात येण्यापूर्वी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून मायक्रोटोमची जड सुरी दगडावर घासून व नंतर चामड्यावर परजून पुन्हा वापरली जात असे. ऊतींचे ५ ते १० मायक्रॉन जाडीचे काप घेणाऱ्या या सुरीच्या कडेला लहानशी खाच राहिली तरी प्रत्येक कापावर उभी चीर उमटते. त्यामुळे त्या दगडावर साबणाचे पाणी घ्यावे की हलके पॅरॅफिन तेल, याविषयी प्रयोगशाळा साहाय्यक काटेकोर असत. तोच काटेकोरपणा घरगुती सुरीच्या बाबतीत दिसत नाही.

उद्दिष्टे :

१. धार लावताना दगडावरील द्रव नेमके कोणते कार्य करतो हे स्पष्ट करणे.
२. दगडांचे प्रमुख प्रकार व त्यांना अनुकूल द्रव यांचा संबंध मांडणे.
३. घरात सहज उपलब्ध असणाऱ्या द्रवांची रासायनिक व भौतिक गुणधर्मांच्या आधारे तुलना करणे.
४. निवडीचा एक सोपा व सुरक्षित क्रम सुचविणे.

१. द्रवाचे खरे कार्य :

या द्रवाला सामान्यतः ‘वंगण’ म्हटले जाते आणि येथूनच गैरसमजाला सुरुवात होते. वंगण म्हणजे दोन पृष्ठांतील घर्षण कमी करणारा पदार्थ. बैलगाडीच्या आसाला, शिवणयंत्राला किंवा इंजिनाला वंगण हवे असते, कारण तेथे झीज टाळायची असते. धार लावण्याची क्रिया मात्र झिजेवरच उभी आहे. दगडातील कठीण कणांनी पोलादाचे सूक्ष्म तुकडे कातरून काढावेत, याचसाठी पाते दगडावर घासले जाते. पात्याखाली तेलाचा जाड थर राहिला आणि पाते त्यावर तरंगू लागले, तर कणांची टोके पोलादापर्यंत पोहोचणारच नाहीत. म्हणजेच उत्तम वंगण हा धार लावण्यासाठी सर्वांत वाईट द्रव ठरू शकतो. मग द्रव हवा कशासाठी?

(अ) चूर्ण वाहून नेणे : हे द्रवाचे प्रमुख कार्य होय. घासताना पोलादाचे बारीक चूर्ण आणि दगडाचे तुटलेले कण निर्माण होतात. दगड कोरडा असल्यास हे चूर्ण कणांमधल्या खोलगट जागांत दाबले जाते. हळूहळू त्या जागा भरून पृष्ठभाग सपाट व चकचकीत होतो. यालाच दगड बुजणे म्हणतात. बुजलेल्या दगडावर पोलाद पोलादावरच घासले जाते. द्रव असल्यास चूर्ण त्यात तरंगत राहते आणि फडक्याने पुसून काढता येते. पुसलेल्या फडक्यावर उमटणारा काळा डाग हा द्रव आपले काम करीत असल्याचा पुरावा असतो.

(आ) लगदा तयार करणे : काही दगड मुळातच ठिसूळ असतात. त्यांचे कण सुटे होऊन पाण्यात मिसळतात व एक पातळ लगदा तयार होतो. या लगद्यातील सुटे कणही पोलाद घासतात आणि खाली नवे, अणकुचीदार कण उघडे पडतात. अशा दगडावर लगदा धुऊन टाकणे म्हणजे कामाचे साधनच फेकून देणे होय.

(इ) धूळ दाबणे : हा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. अनेक नैसर्गिक दगडांत स्फटिकरूप सिलिका असते आणि तिची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत साठून सिलिकोसिस हा असाध्य विकार होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे वालुकाश्माच्या चाकांवर कोरडेपणी काटे घासणारे कारागीर अल्पवयातच दगावत, तर ओल्या चाकांवर काम करणाऱ्यांची स्थिती तुलनेने बरी होती. भारतातही मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिली बनविणाऱ्या आणि गुजरातमधील खंभातच्या अकीक घासणाऱ्या कामगारांत हा विकार नोंदविला गेला आहे. घरी महिन्यातून एकदा सुरी घासणाऱ्याला एवढा धोका नाही, हे खरे. परंतु रोज हेच काम करणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने दगड ओला असणे ही आरोग्याची बाब ठरते.

(ई) उष्णता शोषणे : द्रवाचे हे कार्य बहुतेक जण प्रथम सांगतात, पण हाताने धार लावताना त्याला फारसे महत्त्व नाही. यंत्राच्या कोरड्या चाकावर पाते टेकविल्यास ठिणग्या उडतात. साध्या कार्बन पोलादाची कड २२० ते २३० अंश सेल्सिअसच्या सुमारास पिवळसर आणि ३०० अंशांच्या सुमारास निळी होते. निळी झालेली कड पाणी उतरल्यामुळे मऊ पडते व तिची धार टिकत नाही. फिरत्या चाकावर धार लावून आणलेल्या सुरीची कड कधी कधी लवकर बोथट होते, त्यामागे हे एक कारण असू शकते. हाताच्या संथ गतीने सपाट दगडावर घासताना मात्र पाते एवढे तापत नाही.

या चारही कार्यांचा एकत्रित विचार केल्यास एक निकष हाती येतो. उत्तम द्रव तो, जो पातळ आहे, दगडावर सहज पसरतो, चूर्ण तरंगत ठेवतो, दगडात साचून घट्ट होत नाही आणि अन्नाशी संबंध आल्यास अपाय करीत नाही. ‘निसरडेपणा’ या निकषात कोठेही बसत नाही.

२. दगडांचे प्रकार व त्यांची प्रकृती :

द्रवाची निवड सुरीवरून होत नाही, ती दगडावरून होते. म्हणून दगडांची ओळख आवश्यक ठरते.

(अ) अर्कान्सा दगड : अमेरिकेतील अर्कान्सा राज्यात, वॉशिटा पर्वतरांगांत नोव्हाक्युलाइट नावाचा खडक सापडतो. तो जवळजवळ शुद्ध सिलिकेचा, अतिसूक्ष्म स्फटिकांचा बनलेला आहे. मोज मापश्रेणीत त्याची कठिणता सुमारे ७ भरते. त्याच्या कठीण प्रकारात छिद्रे फारच कमी असतात आणि कण सहजासहजी सुटे होत नाहीत. त्यामुळे त्यावर लगदा तयार होत नाही. चूर्ण तरंगत ठेवणारा व लवकर न वाळणारा द्रव तेवढा हवा असतो. परंपरेने यावर हलके खनिज तेल वापरले जाते. खडक घट्ट असल्याने साबणाचे पाणीही चालते. मात्र नुसते पाणी त्यावर थेंबाथेंबाने गोळा होऊन लवकर निघून जाते.

(आ) कृत्रिम तेलदगड : एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकी संशोधकाने १८९१ मध्ये विद्युतभट्टीत चिकणमाती व कोक तापवीत असताना सिलिकॉन कार्बाइड मिळविले आणि त्याला ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. या नावाचा उत्तरार्ध ज्या ‘कोरंडम’वरून आला, तो शब्द तमिळमधील ‘कुरुंदम’ व संस्कृतातील ‘कुरुविंद’ यांच्याशी जोडलेला आहे. म्हणजे आपल्या हार्डवेअरच्या दुकानात विदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नावात भारतीय मूळ दडलेले आहे. याउलट अमेरिकेतील नॉर्टन कंपनीच्या प्रसिद्ध ‘इंडिया’ दगडाच्या नावात आपला देश असला तरी तो दगड अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपासून कारखान्यात तयार होतो. हा दगड कारखान्यातच तेलाने भरलेला असतो. त्याची छिद्रे आधीच तेलाने व्यापलेली असल्याने वरून घातलेले तेल आत मुरत नाही, ते पृष्ठावर राहून काम करते. अशा दगडावर पाणी घेतल्यास ते फिसकटते.

महाराष्ट्रात अपघर्षकांच्या निर्मितीची परंपरा जुनी आहे. उरणजवळील मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेल कंपनीचा आरंभ झाला. बाजारात मिळणारा, एक बाजू जाड व दुसरी बारीक असलेला करड्या-काळ्या रंगाचा साधा दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा, मातीच्या बंधकात भट्टीत भाजलेला असतो. तो तेलाने भरलेला असेलच असे नाही. कोरडा असताना तो पाणी भराभर शोषतो. यावर पाणी वापरावे की तेल, हे पहिल्या दिवशी ठरविता येते. नंतर मात्र तो निर्णय बदलणे अवघड होते.

(इ) जपानी पाणदगड : क्योटो शहराच्या परिसरातील गाळाच्या खडकांपासून मिळणारे बारीक दगड जपानमध्ये शतकानुशतके वापरले जात आहेत. त्याच धर्तीवर आता कृत्रिम पाणदगड तयार होतात. जपानी मानकानुसार १००० क्रमांकाच्या दगडातील कण सुमारे ११ ते १२ मायक्रॉनचे, तर ८००० क्रमांकाच्या दगडातील कण १ ते २ मायक्रॉनचे असतात. हे दगड मऊ बंधकाचे असून त्यांचे कार्य लगद्यावर अवलंबून असते. त्यांवर तेल पडल्यास छिद्रे बुजतात, कण सुटे होत नाहीत आणि लगदा तयार होणे थांबते. तेल प्यायलेला पाणदगड पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते.

पाणदगडांतही एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. भट्टीत भाजलेले दगड पाण्यात बुडवून ठेवले तरी चालतात. मॅग्नेशियाच्या बंधकाने न भाजता घट्ट केलेले दगड मात्र दीर्घकाळ पाण्यात राहिल्यास मऊ पडतात, त्यांना तडे जातात. अशा दगडांवर वापरतेवेळी पाणी शिंपडणे पुरेसे असते. नैसर्गिक दगड थरांचे असल्याने वारंवार भिजून-वाळून त्यांचे पापुद्रे सुटण्याची भीती असते.

(ई) बेल्जियमचा कोटिक्यूल : आर्देन प्रदेशातील या पिवळसर दगडात गार्नेटचे सूक्ष्म स्फटिक मऊ अभ्रकयुक्त खडकात विखुरलेले असतात. वस्तऱ्यासाठी तो विशेष नावाजला गेला. त्यावर पाणीच वापरतात. लगदा दाट ठेवल्यास तो जलद घासतो, आणि पाणी वाढवून लगदा पातळ केल्यास तोच दगड सौम्य होऊन कड सफाईदार करतो. द्रवाचे प्रमाण बदलून एकाच दगडाकडून दोन कामे करून घेता येतात, याचे हे सुंदर उदाहरण होय.

(उ) हिऱ्याच्या पट्ट्या : धातूच्या पट्टीवर निकेलच्या थराने बसविलेले कृत्रिम हिऱ्याचे कण येथे घासण्याचे काम करतात. या पट्टीत छिद्रेच नसल्याने मुरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. पाण्याचे काही थेंब व त्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा अंश एवढे पुरते. काम झाल्यावर पट्टी धुऊन कोरडी करणे आवश्यक असते.

३. उपलब्ध द्रवांची तुलना :

(अ) पाणी : पाण्याची विष्यंदिता, म्हणजे प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, अत्यल्प आहे. ते स्वस्त, निरुपद्रवी व सहज पुसता येणारे आहे. त्याचे दोन दोष आहेत. पहिला, त्याचा पृष्ठताण जास्त, सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. त्यामुळे घट्ट वा तेलकट पृष्ठावर ते पसरत नाही. दुसरा दोष गंजाचा. साध्या कार्बन पोलादाची सुरी किंवा विळीचे पाते कोकणासारख्या दमट हवेत थोडा वेळ ओले राहिले तरी त्यावर तांबूस डाग पडतात. जपानी तलवारींना झिलई देणारे कारागीर पाण्यात थोडा धुण्याचा सोडा मिसळतात, कारण अल्कधर्मी पाण्यात लोखंड सावकाश गंजते. घरगुती सुरीसाठी मात्र काम संपताच ती पुसून कोरडी करणे हाच सोपा उपाय आहे.

(आ) साबणाचे पाणी : साबण किंवा अपमार्जक पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतो. त्यामुळे पाणी घट्ट दगडावरही पसरते व चूर्ण तरंगत ठेवते. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा मुद्दा आहे. ज्या भागात विंधनविहिरीचे दुष्फेन पाणी वापरले जाते तेथे वडीचा साबण कॅल्शियमच्या क्षारांशी संयोग पावून चिकट, अविद्राव्य साका तयार करतो. हा साका दगडाची छिद्रे बुजवितो. म्हणून अशा ठिकाणी साबणाऐवजी भांडी घासण्याचा द्रव अपमार्जक एक-दोन थेंब घेणे योग्य ठरते.

(इ) खनिज तेल : तेलदगडासाठी हा सर्वांत योग्य द्रव होय. खनिज तेलातील हायड्रोकार्बन संपृक्त असल्याने हवेतील ऑक्सिजनशी त्यांची अभिक्रिया सहजी होत नाही. ते वर्षानुवर्षे दगडात राहिले तरी घट्ट किंवा चिकट होत नाही. शिवाय ते पोलादाला गंजापासून वाचविते. औषधांच्या दुकानात मिळणारे औषधी प्रतीचे लिक्विड पॅरॅफिन हे शुद्ध खनिज तेलच असते. भारतीय औषधकोशात त्याची ‘लिक्विड पॅरॅफिन’ व ‘लाइट लिक्विड पॅरॅफिन’ अशी दोन रूपे आहेत. त्यांतील दुसरे बरेच पातळ असल्याने या कामास अधिक अनुकूल ठरते. शिवणयंत्राचे तेलही खनिज व पातळ असते. परंतु ते खाद्यप्रतीचे नसल्याने सुरी नंतर साबणाने धुणे अगत्याचे आहे.

(ई) खाद्यतेल : सर्वाधिक चूक याच बाबतीत होते. वनस्पतिजन्य तेलांतील असंपृक्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात, त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन बहुवारिक तयार होते आणि तेलाचा चिकट, पुढे कठीण थर बनतो. जवसाचे तेल रंगकामात वापरले जाते ते याच गुणामुळे. तेल वाळण्याची प्रवृत्ती आयोडीन मूल्यावरून अजमावता येते. जवसाच्या तेलाचे आयोडीन मूल्य १७० च्या वर, करडईचे १४० ते १५० च्या सुमारास, सूर्यफुलाचे त्याखालोखाल, शेंगदाण्याचे सुमारे ८५ ते १०० आणि खोबरेलाचे अवघे ६ ते ११ असते. कढईच्या बाहेरील बाजूस कालांतराने जो तपकिरी, न निघणारा लेप बसतो, तो याच प्रक्रियेचा उष्णतेने वेगवान झालेला आविष्कार होय. दगडाच्या छिद्रांत हेच सावकाश घडते आणि त्या लेपात पोलादाचे चूर्ण कायमचे अडकते.

वरील मूल्ये पाहता खोबरेल निर्धोक वाटेल, आणि न वाळण्याच्या दृष्टीने ते इतर खाद्यतेलांपेक्षा बरेही आहे. मात्र सुमारे २४ ते २५ अंश सेल्सिअसखाली ते गोठते. थंडीत पुणे, नाशिक किंवा विदर्भात दगडाच्या छिद्रांत मुरलेले खोबरेल मेणासारखे बसते व ते दगड बुजवून टाकते. एरंडेल वाळत नाही. तथापि त्याची विष्यंदिता पाण्याच्या कित्येक शे पट असल्याने पाते त्यावर तरंगते. बहुतेक खाद्यतेलेही पाण्याच्या पन्नास ते सत्तर पट घट्ट असतात.

(उ) रॉकेल व इंजिनाचे तेल : रॉकेल पातळ असल्याने दगड साफ करण्यास उपयुक्त आहे आणि काही कारागीर घट्ट तेल पातळ करण्यासाठी ते मिसळतात. परंतु ते ज्वालाग्राही असून त्याचा वास अन्नाला लागतो. इंजिनाचे तेल घट्ट असते व त्यात अनेक रासायनिक पूरके असतात. वापरलेल्या इंजिन तेलात धातूंचे अंश व आरोग्यास घातक हायड्रोकार्बन साचलेले असतात. स्वयंपाकाच्या सुरीसाठी या दोहोंचा वापर टाळावा, हे उचित होय.

४. कोरड्या दगडाचा पक्ष :

द्रव मुळीच वापरू नये असाही एक पक्ष आहे. अमेरिकी धारतज्ज्ञ जॉन जुरानिच यांनी १९८५ च्या ‘द रेझर एज बुक ऑफ शार्पनिंग’ या पुस्तकात तेलाला विरोध करून कोरड्या दगडाचा पुरस्कार केला. त्यांच्या पक्षाचे सार असे की, द्रवात तरंगणारे चूर्ण पुढे सरकणाऱ्या कडेवर आदळते व नुकतीच तयार होणारी नाजूक धार बोथट करते. या युक्तिवादात तथ्यांश आहे. चूर्णाने गढूळ झालेल्या जाड तेलात दीर्घकाळ घासत राहिल्यास कडेची सफाई कमी होणे शक्य आहे. परंतु त्यावरून द्रव नको असे सिद्ध होत नाही. द्रव वारंवार पुसून ताजा घ्यावा, एवढेच सिद्ध होते. जाड कणांचा दगड कोरडा वापरला तरी काही काळ चालतो, कारण कणांमधील जागा मोठ्या असतात. बारीक दगड मात्र कोरडा असताना लवकर बुजतो.

येथे हेही नोंदविले पाहिजे की, धारेची गुणवत्ता केवळ द्रवावर ठरत नाही. आयोवा राज्य विद्यापीठातील निवृत्त प्राध्यापक जॉन व्हरहोवन यांनी २००४ मध्ये सुरीच्या धारेवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कडेची छायाचित्रे घेऊन, घासताना कडेवर वळणारी धातूची पापुद्र्यासारखी झालर, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील ‘बर’, आणि कडेचा खडबडीतपणा यांचा अभ्यास करण्यात आला. कोन स्थिर ठेवणे, क्रमाने बारीक दगडाकडे जाणे आणि शेवटी बर काढून टाकणे या गोष्टी धारेला निर्णायक असतात. योग्य द्रव या गोष्टींची जागा घेऊ शकत नाही. अयोग्य द्रव मात्र दगडच निकामी करून या साऱ्या कौशल्याला वाव ठेवत नाही. द्रवाच्या निवडीचे महत्त्व नेमके येथे आहे.

५. निवडीचा क्रम :

दगड अपरिचित असल्यास पुढील साधी चाचणी उपयोगी पडते. कोरड्या दगडावर पाण्याचा एक थेंब टाकून तो काही क्षण पाहावा.

१. थेंब लगेच शोषला गेला, तर दगड सच्छिद्र असून तो तेलाने भरलेला नाही. अशा दगडाला पाणीच द्यावे. तो पाणदगड असल्यास तेल वर्ज्यच. साधा सिलिकॉन कार्बाइडचा असल्यासही पाण्याने प्रारंभ करणे श्रेयस्कर, कारण पाण्यावरून तेलाकडे जाता येते, तेलावरून पाण्याकडे परतणे कठीण असते.
२. थेंब गोल होऊन पृष्ठावरून घरंगळला, तर दगडात तेल आहे. तेथे हलके खनिज तेल वापरावे.
३. थेंब शोषला न जाता पृष्ठावर पसरून राहिला, तर दगड घट्ट आहे. येथे अपमार्जकयुक्त पाणी किंवा हलके खनिज तेल यांपैकी एकाची निवड करून ती कायम ठेवावी.

द्रवाचे प्रमाण बेताचे असावे. तेलदगडावर चार-पाच थेंबांचा पातळ ओलावा पुरतो. द्रव काळा पडताच तो दगडावर वाळू न देता पुसावा व नवा घ्यावा. पाणदगडावरील लगदा मात्र काम संपेपर्यंत राहू द्यावा. तेलदगड झाकून ठेवावा, अन्यथा उघड्या तेलात धूळ बसते. पाणदगड सावलीत वाळवावा. ओला असताना डब्यात बंद करू नये.

खाद्यतेलाने आधीच बुजलेला दगड लगेच टाकून देण्याचे कारण नाही. पृष्ठावरचा ताजा चिकटपणा अपमार्जक व गरम पाण्याने ब्रश मारून निघू शकतो. जुना थर असल्यास दगड उघड्या हवेत, आगीपासून दूर, रॉकेलमध्ये भिजवून मग धुतात. त्यानेही न भागल्यास सपाट काचेवर पाणी व कार्बाइडचे सुटे चूर्ण घेऊन वरचा थर घासून काढावा लागतो. घट्ट दगड यातून बहुधा सावरतो. सच्छिद्र दगडाच्या गाभ्यात वाळलेले तेल मात्र पूर्णपणे निघत नाही. अशा दगडाला पुढे खनिज तेलाचाच दगड मानून वापरणे व्यवहार्य ठरते. दगड तापवून तेल जाळण्याचा प्रयत्न करू नये, त्याने तडे जाण्याचा संभव असतो.

निष्कर्ष :

१. धार लावताना वापरला जाणारा द्रव हा खऱ्या अर्थाने वंगण नव्हे. घर्षण कमी करणे हे त्याचे प्रयोजन नसून चूर्ण हटवून दगडाचे कण मोकळे ठेवणे हे आहे.
२. द्रवाची निवड पात्यावरून किंवा घरातील सवयीवरून न करता दगडाची सच्छिद्रता, बंधक व पूर्वीचा वापर यांवरून करावी.
३. पाणदगडाला पाणी, तेलदगडाला हलके खनिज तेल आणि हिऱ्याच्या पट्टीला अपमार्जकयुक्त पाणी ही सर्वसाधारण योजना होय.
४. वाळणारी खाद्यतेले कोणत्याही दगडावर वापरू नयेत. खोबरेल व एरंडेल वाळत नसले तरी अनुक्रमे गोठणे व घट्टपणा या दोषांमुळे ते योग्य पर्याय ठरत नाहीत.
५. संदेह असल्यास पाण्याने प्रारंभ करावा, कारण ती चूक सुधारता येते.

एकंदरीत पाहता, दगडावर पडणारा पहिला थेंब हा दगडाच्या उर्वरित आयुष्याचा निर्णय असतो. विळी किंवा सुरी बोथट झाली तर पुन्हा धारदार करता येते. परंतु ज्याच्यावर तिला धार लावायची तो दगड बुजला, तर प्रत्येक सुरी बोथटच राहते. बोथट सुरीला अधिक जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेली सुरी फळावरून घसरून बोटावर येते. स्वयंपाकघरातील अशा कित्येक जखमांच्या मुळाशी हा दुर्लक्षित दगड असू शकतो. म्हणूनच त्यावर काय घालायचे, हा प्रश्न दिसतो तेवढा क्षुल्लक नाही.